यंत्र बोलेनासे झाले म्हणजे



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा श्रम संहिता ह्यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता त्या चाकोरीबाहेरचा आहे. संगणकाच्या पोटात चालणारा जो दुसरा संगणक, ज्याला व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी यंत्र म्हणतात, त्याचा बाहेरच्या नेटवर्कशी संबंध तुटला असता दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हा तो विषय होय.

हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. गिरणीच्या साळखात्यात पट्टा तुटला तर तो जॉबरला दिसे, मास्तराला दिसे, शेजारच्या मागवाल्यालाही दिसे. माग का थांबला ह्याबद्दल वाद होण्यास फारशी जागाच नसे. आज खिडकीवर बसलेल्या कारकून बाईंच्या पडद्यावर ‘जोडणी नाही’ अशी दोन अक्षरे उमटतात. तुटलेले काहीच दिसत नाही. रांगेतील माणसे बाईंवर ओरडतात आणि महिनाअखेर त्यांच्या कामाची मोजदाद होते तेव्हा ते दोन तास त्यांच्या नावे आळस म्हणून लागतात. यंत्र थांबले होते की माणूस थांबला होता, हे सिद्ध करण्याची पाळी त्या बाईंवर येते. ते सिद्ध करण्याची विद्या आहे, आणि ती फारशी अवघड नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे. आम्हाला कॉलेजचे शिक्षण मिळालेले नाही. वाचून, माहितगारांना विचारून आणि यंत्रापुढे बसून जे कळले ते आम्ही सांगणार आहोत. तेव्हा ते आपणासही कळेल ह्याविषयी आम्हाला शंका नाही.

प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहू. एका खऱ्या संगणकावर असा एक कार्यक्रम चालवावयाचा की, जो दुसऱ्या संगणकाचे हुबेहूब सोंग घेईल. त्या सोंगाला स्वतःची स्मृती, स्वतःची तबकडी आणि स्वतःचे नेटवर्क कार्ड असल्याचा भास होतो. खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. ही कल्पना जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात आय.बी.एम. कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात ती आकाराला आली आणि १९७२ मध्ये कंपनीने ‘व्हीएम/३७०’ ह्या नावाने ती बाजारात जाहीर केली. त्या काळी संगणक इतका महाग होता की, एकाच संगणकाचे अनेक भासवून तो अनेकांना वाटून द्यावा लागे. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने हीच सोय मेजावरच्या साध्या संगणकावर आणली. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आले आणि ते फुकट मिळत असल्यामुळे सर्वत्र पसरले.

आपल्या कार्यालयांत ते येण्याचे कारण निराळे. हिशेबाचे किंवा नोंदणीचे सॉफ्टवेअर जुने असते, विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ ह्यांच्यासाठी लिहिलेले. एक्सपीची देखभाल कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये थांबविली आणि विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये. नवे संगणक येतात, पण सॉफ्टवेअर नवे करून घेण्यास पैसा नसतो. मग नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक आभासी रूपाने बसवितात आणि काम पुढे चालू ठेवतात. खिडकीवर बसणाऱ्याला पुष्कळदा हे सांगितलेलेही नसते. त्याला पडद्यावर एक चौकट दिसते आणि त्या चौकटीत तो काम करतो.

आता ह्या पाहुण्याचे दळणवळण कसे चालते, हे समजण्यासाठी आपल्या ओळखीचा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. यजमान यंत्र म्हणजे वाडा आणि आभासी यंत्र म्हणजे त्यातील बिऱ्हाड. बिऱ्हाडाचे टपाल येण्याजाण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत नॅट ही होय. टपालवाल्याला फक्त वाड्याचा पत्ता ठाऊक असतो. बिऱ्हाडकरूने पत्र पाठविले की देवडीवरचा माणूस त्यावर वाड्याचा पत्ता घालतो, आणि उत्तर आले की ज्याचे त्याला नेऊन देतो. बिऱ्हाडकरू बाहेर पत्र पाठवू शकतो, परंतु बाहेरचा माणूस आपण होऊन त्याला गाठू शकत नाही. त्यासाठी देवडीवर तशी खास सूचना देऊन ठेवावी लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ह्या रीतीने पाहुण्याला बहुधा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि देवडीचा पत्ता १०.०.२.२ असतो. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र देवडी असल्यामुळे चार पाहुण्यांचा पत्ता एकच दिसला तरी त्यात बिघाड नाही. मात्र ते एकमेकांना पाहू शकत नाहीत.

दुसरी रीत ब्रिज्ड म्हणजे पुलाची. बिऱ्हाडकरू थेट रस्त्यावर आपली पत्रपेटी लावतो. त्याला गावातील इतर घरांसारखाच स्वतंत्र पत्ता मिळतो आणि कोणीही त्याला गाठू शकतो. येथे मात्र दोघांचा पत्ता एक झाला तर गोंधळ ठरलेलाच.

तिसरी रीत होस्ट-ओन्ली. बिऱ्हाडांनी चौकातल्या चौकात बोलावे, वाड्याबाहेर नाही. जुन्या विंडोजला इंटरनेटवर मोकळे सोडणे धोक्याचे असल्यामुळे कोणी ही रीत मुद्दाम ठेवलेली असू शकते. म्हणून दोष शोधू लागण्यापूर्वी हा पाहुणा कोणत्या रीतीने जोडला आहे आणि तशीच योजना होती काय, हे आधी विचारावे. दार हुकमाने बंद केलेले असेल तर त्याला बिघाड म्हणून चालणार नाही.

आता मुख्य गोष्ट. दोष शोधण्याचा नियम एकच आहे: जवळून दूर जावे, एका वेळी एकच पाऊल टाकावे आणि प्रत्येक पावलाचे उत्तर कागदावर लिहावे. आपली सवय नेमकी उलटी असते. जोडणी तुटली की कोणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणी दोन मांडण्या एकदम बदलतो, कोणी कंपनीला फोन लावतो. कधी यंत्र चालूही होते. पण ते कशाने चालले हे कळत नाही आणि आठ दिवसांनी तेच पुन्हा होते.

पहिले पाऊल: यजमान यंत्राला स्वतःला नेटवर्क आहे काय? वाड्याचाच रस्ता बंद असेल तर बिऱ्हाडकरूला विचारण्यात अर्थ नाही.

दुसरे पाऊल: पाहुण्याचे कार्ड जोडलेले आहे काय? आभासी कार्डालाही आभासी तार असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘केबल कनेक्टेड’ अशी एक खूण असते, व्हीएमवेअरमध्ये ‘कनेक्टेड’ अशी. ती खूण निघालेली असली तर बाकी सारे ठीक असूनही पाहुणा मुका राहतो.

तिसरे पाऊल: पत्ता कोणता मिळाला? विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली असता तो दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ बहुधा ठरलेला: यंत्राने पत्ता मागितला, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी व्यवस्थेकडून उत्तर आले नाही, म्हणून त्याने स्वतःच्या मनाने एक पत्ता घेतला. असा पत्ता दिसला की पुढची चौकशी थांबवावी. पत्ता का मिळाला नाही, एवढेच पाहावे. पुलाची रीत असेल तर पूल भलत्याच कार्डाला बांधलेला नाही ना, हेही येथेच पाहावे. यजमानाला तारेचे एक आणि वायफायचे एक अशी दोन कार्डे असतात. तार जोडलेली असते आणि पूल वायफायला बांधलेला असतो, असे पुष्कळदा घडते.

चौथे पाऊल: देवडी उत्तर देते काय? येथे ‘पिंग’ ह्या आज्ञेचा उपयोग होतो. माइक म्यूस ह्या अमेरिकन गृहस्थांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा कार्यक्रम लिहिला. पाण्याखाली नाद सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकण्याची पाणबुड्यांची जी युक्ती, तिच्या आवाजावरून हे नाव पडले. विहिरीत हाक मारावी आणि उत्तर येते का ते पाहावे, तसेच हे काम.

पाचवे पाऊल: देवडीपलीकडे, इंटरनेटवरील एखाद्या ठाऊक क्रमांकाला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, हाक मारावी. सहावे पाऊल: तीच हाक नावाने मारावी. क्रमांकाला उत्तर येते पण नावाला येत नाही, असे झाले तर रस्ता खुला आहे आणि नावांचा कोश, म्हणजे डीएनएस, बिघडला आहे. लॅपटॉप एका जागेहून दुसऱ्या जागी नेला असता पाहुणा जुन्याच कोशाला विचारत बसतो, असे नॅटमध्ये होऊ शकते. सातवे पाऊल: सारे जग उत्तर देते पण आपल्या कामाचा सर्व्हरच देत नाही, तर तेथील दार किंवा मधली फायरवॉल ही अडचण असण्याचा संभव मोठा.

ही सात पावले टाकण्यास दहा मिनिटे लागतात आणि त्यांपैकी बहुतेकांत आपण फक्त पाहतो; काही बदलत नाही. म्हणून कोणाच्या अधिकारावर अतिक्रमण होत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पिंगला उत्तर आले नाही म्हणजे समोरचे यंत्र मेले, असे समजू नये. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेल्या अशा हाकेला मुळातच उत्तर देत नाही. क्यूईएमयू ह्या सॉफ्टवेअरच्या साध्या नॅटमधून बाहेर पिंग बहुधा जात नाही, आणि तरीही वेबपाने उत्तम उघडतात. साक्षीदार एकच असेल तर त्याची साक्ष दुसऱ्या साक्षीने पडताळून पाहावी, हे येथे शहाणपणाचे.

आता आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे चार खिडक्या, चार संगणक आणि प्रत्येकाच्या पोटात पुलाच्या रीतीने जोडलेले एकेक आभासी यंत्र. पहिल्या खिडकीवरील बाईंची जोडणी सकाळी चांगली चाले आणि अकराच्या सुमारास तुटूतुटू लागे. पाच मिनिटे चाले, पाच मिनिटे नाही. तक्रारी वाढल्या आणि बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. काम टाळण्यासाठी त्या मुद्दाम जोडणी तोडतात, असा तिच्यातील आशय होता. वेतनवाढ रोखण्याचीही भाषा होती. पंधरा वर्षे नोकरी केलेल्या बाईंच्या अब्रूचा हा प्रश्न होता.

बाईंनी एक शहाणपण केले होते. जोडणी केव्हा तुटली आणि केव्हा आली, ह्याच्या वेळा त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवल्या होत्या. साहेबांची परवानगी घेऊन आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि पावले टाकू लागलो. यजमान यंत्र ठीक. कार्ड जोडलेले. पत्ता योग्य. देवडीला पिंग लावले, तेव्हा काही हाकांना उत्तर येई आणि काहींना येत नसे. येथे आम्ही थांबलो आणि वहीतील वेळांकडे वळलो. अकराला काय होते? अकराला तिसरी खिडकी उघडते. तिसऱ्या खिडकीवरचे आभासी यंत्र बंद करावयास सांगितले. पहिल्या खिडकीवर एकूण एक हाकेला उत्तर येऊ लागले. ते पुन्हा सुरू केले. हाका पुन्हा हरवू लागल्या. दोन्ही यंत्रांच्या कार्डांचे मॅक क्रमांक काढून शेजारी शेजारी लिहिले. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत दोन्ही एकच होते.

कारण असे की, एक आभासी यंत्र तयार करून इतर त्याच्या नकला काढून बसविली होती आणि ह्या एका नकलेत कार्डाचा क्रमांक नवा करावयाचा राहिला होता. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो आणि एका जाळ्यात तो दोघांचा सारखा असता कामा नये. मधला स्विच हा ह्या क्रमांकाचा आवाज शेवटी ज्या तारेवरून आला त्याच तारेवर टपाल सोडतो. तिसऱ्या खिडकीने हाक मारली की पहिलीचे टपाल तिसरीकडे जाई, आणि पहिलीने मारली की तिसरीचे पहिलीकडे. तिसऱ्या खिडकीचेही काम अडत होते; पण तेथे गर्दी कमी, म्हणून ओरड झाली नाही. क्रमांक बदलण्यास पाच मिनिटे लागली. नोटीस मागे घेण्यात आली.

पण गोष्ट तेथे संपत नाही, आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे. बाई सुटल्या म्हणताच नकला बसविणाऱ्या कंत्राटी मुलाच्या माथी खापर फोडण्याची तयारी सुरू झाली. आम्ही त्यासही विरोध केला. त्या मुलाला एका दिवसात चारही यंत्रे उभी करावयास सांगितले होते. नक्कल काढताना काय बदलावे ह्याची लेखी यादी त्याच्या हाती दिली नव्हती आणि काम झाल्यावर कोणी ते तपासले नव्हते. ही यादी करणे कंत्राटदाराचे आणि कार्यालयाचे काम होते. बाईंच्या जागी मुलाला उभे करून न्याय झाला असे कोणी म्हणत असेल, तर दोष शोधण्याचे काम अर्ध्यावरच सोडून त्याने दोषी शोधला, एवढेच आम्ही म्हणू.

ह्या यादीत आणखी काय असावे, तेही थोडक्यात सांगतो. काही लिनक्स यंत्रांत कार्डाचा क्रमांक बदलला तरी पुरत नाही. यंत्राची स्वतःची एक ओळख आत लिहिलेली असते, ती नकलेबरोबर जाते आणि दोन यंत्रे पत्ते वाटणाऱ्याकडे एकाच नावाने उभी राहतात. ती ओळखही नवी करावी लागते. वायफायवर पुलाची रीत पुष्कळदा चालत नाही, कारण एका वायफाय कार्डामागून दोन क्रमांकांचे टपाल येणे अनेक वायफाय यंत्रांना मान्य नसते. तेथे नॅट वापरावे. यजमानावर व्हीपीएन चालू असेल तर नॅटचा पाहुणा बहुधा त्यातून जातो, पुलाचा जात नाही. आणि एक दोष तर नेटवर्कचा वाटतो पण नेटवर्कचा नसतो: आभासी यंत्र झोपवून पुन्हा जागे केले की कधी त्याचे घड्याळ मागे राहते. मग सुरक्षित वेबस्थानांचे प्रमाणपत्र त्याला चुकीच्या तारखेचे वाटते आणि जोडणी नाकारली जाते. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहण्यास एक क्षण लागतो; तो आधी खर्चावा.

येथे कोणी म्हणेल, ‘कारकुनाने कारकुनी करावी, यंत्र पाहण्यास तंत्रज्ञ आहेत.’ हा आक्षेप आम्ही अधिकाऱ्यांकडूनही ऐकला आहे आणि आमच्या सभासदांकडूनही. आमचे उत्तर असे की, यंत्र दुरुस्त करणे हे तंत्रज्ञाचेच काम आहे आणि त्याचा पगार त्यालाच मिळाला पाहिजे. कारकुनाच्या माथी ते मारले गेले तर आम्ही त्यालाही विरोध करू. परंतु यंत्र कोठे थांबले हे सांगता येणे ही दुरुस्ती नाही, ती साक्ष आहे. ‘नेट चालत नाही’ ही तक्रार ऐकून तंत्रज्ञ दोन दिवसांनी येतो. ‘यजमान चालतो, पाहुण्याला पत्ता मिळाला आहे, देवडी अर्धवट उत्तर देते, अकरा वाजून पाच मिनिटांपासून असे होते’ ही तक्रार वाचून त्याला येण्यापूर्वीच निम्मा दोष कळलेला असतो. त्याचेही कष्ट वाचतात आणि रांगेतील माणसाचाही वेळ वाचतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जेथे माणसे आभासी यंत्रावर काम करतात तेथे ते कोणत्या रीतीने जोडले आहे, त्याचा पत्ता काय असावयास हवा आणि त्याची देवडी कोणती, हे मराठीत लिहिलेला एक तक्ता भिंतीवर असावा. बिघाडाची वही असावी आणि तीत वेळ, पाऊल आणि उत्तर लिहिण्याचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला असावा. यंत्राच्या नकला काढताना तपासणीची यादी असावी आणि तिच्यावर काम सोपविणाऱ्याचीही सही असावी. आणि जोडणी तुटल्याच्या कारणावरून कोणालाही नोटीस देण्यापूर्वी दोष कोठे होता हे लेखी ठरविले जावे. ह्यांत वही आणि कागद यांपलीकडे फारसा खर्च नाही.

सभागृहात जी मंडळी कोणत्याही कार्यालयात नोकरीला नाहीत, त्यांनाही एक विनंती आहे. खिडकीपलीकडची रांग आपलीच असते. यापुढे ‘नेट नाही’ असे उत्तर मिळाले तर समोरच्या माणसावर रागावण्याआधी एवढेच विचारा, ‘वहीत लिहिले आहे का?’ हा प्रश्न दहा जणांनी विचारला की तेथे वही येईल, आणि वही आली की दोषही सापडू लागेल.